नॅनोचे थेंब आणि रोजची गोळी

पत्र

नमस्कार मॅडम, आम्ही ऐरोलीला राहतो. माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत, महापेला एका कंपनीत स्टोअर सांभाळतात. चार वर्षांपूर्वी कंपनीत रक्तदान शिबिर झालं, त्यानंतर रक्तपेढीतून बोलावणं आलं आणि यांना हिपॅटायटिस बी असल्याचं कळलं. लिव्हरच्या डॉक्टरांनी टेनोफोविरची गोळी सुरू केली. रिपोर्ट चांगले येतात, पण गोळी कधी थांबणार असं विचारलं की डॉक्टर 'चालू ठेवा' एवढंच म्हणतात.

माझे मावसदीर, म्हणजे सासूबाईंचे भाचे, 'नॅनो सिल्व्हर'चे थेंब विकतात. त्यांचं म्हणणं असं की कोविडची लस नॅनोचीच होती, नॅनोकण पेशीत शिरून विषाणू मुळासकट काढतात, आणि आपलं रौप्यभस्म म्हणजे तेच. तीन महिन्यांचा कोर्स ३६ हजारांचा, पण आम्हाला 'क्लिनिकल ट्रायलच्या रेटने' २४ हजारांत. त्यातले १२ हजार देऊन झालेत. गोळी चालू असेल तर नॅनो काम करत नाही असं सांगून त्यांनी गोळी बंद करायला लावली. त्याला आज नऊ दिवस झाले. इकडे सासूबाईंनी यांचं ताट-पेला वेगळा केलाय. पंधरा वर्षांची मुलगी घाबरून गेली आहे. मी मोबाइलवर बघितलं तर मोठमोठ्या विद्यापीठांतले लोकही नॅनोटेक्नॉलॉजीने विषाणूंवर उपचार होतात असं सांगतात. मग खरं काय समजायचं? आणि भाऊजींना नाही कसं म्हणू?

— एक वाचक, ऐरोली

उत्तर

आधी गोळीचं बघा, हे उत्तर रात्री वाचलंत तरी चालेल. ज्या डॉक्टरांनी टेनोफोविर सुरू केली त्यांना आजच फोन लावा. नाही उचलला तर त्यांच्या ओपीडीत जाऊन बसा. नऊ दिवस गोळी बंद आहे आणि चांदीचे थेंब घेतले, हे काहीही न लपवता सांगा. बाटली बरोबर न्या. ते बहुधा गोळी लगेच पुन्हा सुरू करतील, लिव्हर फंक्शन टेस्ट आणि विषाणूचं प्रमाण मोजणारी एचबीव्ही डीएनए तपासणी लिहून देतील, आणि पुढचे काही महिने तपासण्या थोड्या लवकर लवकर करायला लावतील. मधल्या काळात डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, उलट्या थांबेनात, पोट फुगलं किंवा दिवसाढवळ्या गुंगी येऊ लागली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट इस्पितळ गाठा.

नऊ दिवसांत बहुतेकांचं काही बिघडत नाही. पण ही गोळी अचानक सोडल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, आजार उसळून लिव्हर निकामी होण्यापर्यंत वेळ आलेली आहे. अमेरिकेत या गोळीच्या माहितीपत्रकावर हा इशारा चौकट आखून सगळ्यात वर छापावा लागतो. आधी विषाणू वाढतो, मग लिव्हर सुजतं. त्यामुळे 'बघा, गोळी बंद केली तरी काही झालं नाही' हे भाऊजींचं वाक्य, ते म्हणालेच असतील तर, पुरावा म्हणून धरू नका.

आणि इथेच गोळी बंद करण्याच्या त्या अटीतली मेख आहे. चार वर्षं गोळीने विषाणू दाबून ठेवलाय. ती बंद करून थेंब सुरू केले की पहिले काही आठवडे रिपोर्ट चांगलेच येणार, ते गोळीच्या पुण्याईवर. श्रेय मात्र थेंबांना. पुढे रिपोर्ट बिघडले की 'आजार बाहेर पडतोय' हे उत्तर तयार असतं. चालू असलेलं औषध थांबवल्याशिवाय आमचं लागू पडत नाही असं जो कोणी म्हणतो, त्याचं औषध नॅनोचं असो की मुळीचं, तिथूनच उठून यावं असं माझं मत आहे.

डॉक्टर 'चालू ठेवा' का म्हणतात हे त्यांनी तुम्हाला पाच मिनिटं बसवून सांगायला हवं होतं. बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात हे मान्य, पण आयुष्यभराची गोळी लिहून देताना कारण न सांगणं हे भाऊजींसारख्यांना आयतं दार उघडून देण्यासारखं आहे. कारण असं: हिपॅटायटिस बीचा विषाणू लिव्हरच्या पेशीत शिरला की आपला डीएनए पेशीच्या केंद्रकात नेऊन एक बंद वर्तुळ करून ठेवतो. या वर्तुळावरून नवे विषाणू तयार होत राहतात. टेनोफोविर विषाणूला आपल्या नकला करण्यासाठी लागणारं एन्झाइम अडवते, त्यामुळे रक्तातला विषाणू जवळजवळ दिसेनासा होतो आणि लिव्हरची हानी थांबते. सिऱ्होसिसचा, म्हणजे लिव्हर आकसून कडक होण्याचा, आणि कॅन्सरचा धोका खाली येतो. पण ते वर्तुळ जागेवरच राहतं. गोळी सोडली की तिथूनच पुन्हा सुरुवात. काही पेशंट्सची गोळी तज्ज्ञ डॉक्टर ठरावीक निकष बघून, कडक देखरेखीखाली थांबवतातही. तो निर्णय रिपोर्ट समोर ठेवून होतो. तुमच्या मिस्टरांना त्यात बसवता येईल का, हा प्रश्न लिहून न्या आणि विचारा. तुम्हाला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. हिपॅटायटिस सीवर बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी आज पूर्ण बरं करता येतं, म्हणून लोकांना वाटतं बीचंही तसंच असेल. दोन वेगळे विषाणू आहेत. सी केंद्रकात असं ठाण मांडून बसत नाही.

आता नॅनो. मी औषधकंपन्यांच्या फॉर्म्युलेशन विभागात, म्हणजे औषध कुठल्या रूपात द्यायचं ते ठरवणाऱ्या खात्यात, बरीच वर्षं काम केलं. त्यामुळे या शब्दावर माझं प्रेम आहे आणि त्याचा असा बाजार मांडलेला बघून चीडही येते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हिपॅटायटिस बीचा विषाणू स्वतःच साधारण ४२ नॅनोमीटरचा असतो. औषधशास्त्रात नॅनो हे बहुतेक वेळा औषधाचं नाव नसतं, ते औषध नेणारं वाहन असतं. ठाणे-बेलापूर रोडवरून दिवसभर टेम्पो जातात. टेम्पो नवा कोरा आहे म्हणून आतला माल आपल्या कामाचा ठरत नाही. तेव्हा नॅनोचं काहीही समोर आलं की पहिला प्रश्न: आत काय भरलंय? दुसरा: ते कुठे उतरणार आहे? तिसरा: हे माणसांवर तपासलंय का, आणि कुणी?

चांगल्या वाहनाने काय फरक पडतो हे आपण सगळ्यांनी २०२१मध्ये बघितलंय. दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस आला आणि लोक लायपोसोमल अँफोटेरिसिन बीच्या इंजेक्शनसाठी ठाणे, मुंबई, पुणे पालथं घालत होते. अँफोटेरिसिन हे जुनं, जबरदस्त पण किडनीला जाचणारं बुरशीविरोधी औषध. तेच स्निग्ध पदार्थाच्या १०० नॅनोमीटरपेक्षा लहान गोळ्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरलं की किडनीला होणारा त्रास बराच कमी होतो आणि डोस वाढवता येतो. अमेरिकेत या रूपाला १९९७मध्ये परवानगी मिळाली. औषध तेच, वाहन बदललं. ते बुरशीवरचं होतं, विषाणूवरचं नव्हे. पण नॅनोचं खरं काम कसं दिसतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही. त्या बाटल्यांवर 'नॅनो' हा शब्द मोठ्या अक्षरांत कुठेही नव्हता.

कोविडच्या लसीचं बोलायचं तर भाऊजींनी अर्धं खरं सांगितलंय. फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लशी लिपिड, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या, नॅनोकणांतच भरलेल्या होत्या. एमआरएनए, म्हणजे कुठलं प्रथिन बनवायचं ते पेशीला सांगणारा रेणू, शरीरात क्षणात तुटून जातो, त्याला जपून पेशीच्या आत पोचवायचं काम ते लिपिडचं कवच करतं. पण ऐरोलीत तुम्ही, मी, भाऊजी, आपल्यातल्या बहुतेकांनी घेतली ती कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन. कोविशील्डमध्ये निरुपद्रवी केलेला अॅडिनोव्हायरस वाहक म्हणून होता, कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला करोना विषाणू. दोन्हींत लिपिड नॅनोकण नाहीत. भारतातली पहिली एमआरएनए लस पुण्याच्या जिनोव्हाची, तिला परवानगी मिळाली जून २०२२मध्ये, तोवर बहुतेकांचे डोस होऊन गेले होते. शिवाय लस आजार होण्याआधी शरीराला तयार करते. लिव्हरमध्ये ठाण मांडून बसलेल्या विषाणूला बाहेर काढणं हे वेगळंच काम आहे.

विद्यापीठातले लोक मोबाइलवर जे सांगत होते ते मात्र खोटं नाही, आणि तुमच्या प्रश्नातला हाच भाग मला सगळ्यात रसाचा वाटतो. नसेतून दिलेले बहुतेक नॅनोकण जातात कुठे? लिव्हरमध्ये. लिव्हरच्या केशवाहिन्यांच्या भिंतींना बारीक खिडक्या असतात, त्यातून असे कण आरपार जातात. शिवाय लिपिड नॅनोकण रक्तात शिरला की त्याला एपोलायपोप्रोटीन ई नावाचं प्रथिन चिकटतं. लिव्हरच्या पेशी कोलेस्टेरॉल उचलण्यासाठी हेच प्रथिन ओळखून माल आत घेतात, त्या नॅनोकणालाही तसंच आत ओढून घेतात. कॅन्सरवर काम करणारे शास्त्रज्ञ वैतागतात, कारण त्यांचं औषध गाठीकडे जायच्या आधी लिव्हरमध्ये अडकतं. लिव्हरच्या आजारावर काम करणाऱ्यांसाठी मात्र ही सोयच. २०१८मध्ये पॅटिसिरान या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली. लिपिड नॅनोकणांत भरलेला छोटा आरएनए लिव्हरच्या पेशीत जाऊन एका घातक प्रथिनाचं उत्पादन बंद पाडतो. तो आनुवंशिक आजार आहे, विषाणूचा नाही, पण वाट दिसली. हिपॅटायटिस बीवरही हाच मार्ग धरता येईल असं वाटणं साहजिक होतं, आणि प्रयत्न झालेही.

त्यातला एक सांगते, कारण तो भाऊजींच्या माहितीपत्रकात कधीच नसणार. एआरसी-५२० नावाचं औषध अमेरिकेतली एक कंपनी हिपॅटायटिस बीवर माणसांत तपासत होती. आतला आरएनए विषाणूची प्रथिनं बनणं थांबवण्यासाठी होता. तो पेशीत पोचवायला एक वेगळा वाहक वापरला होता. माकडांवरच्या अभ्यासात त्या वाहकाच्या मोठ्या डोसने माकडं मेली, आणि नोव्हेंबर २०१६मध्ये कंपनीने तो सगळा कार्यक्रम गुंडाळला. म्हणजे आतला माल बरोबर असला तरी वाहन घात करू शकतं. त्यानंतर या क्षेत्रातल्या अनेकांनी नॅनोकवच सोडून आरएनएला एक साखरेचा रेणू जोडायचा मार्ग धरला. लिव्हरची पेशी तो रेणू ओळखते आणि आत घेते, कवचाची गरजच नाही. दुसरीकडे लिपिड नॅनोकणांतून जनुक कापणाऱ्या एन्झाइमचा एमआरएनए पाठवून थेट त्या केंद्रकातल्या वर्तुळावर घाव घालायचे प्रयोगही माणसांत सुरू झालेत, पण पहिल्या टप्प्यात. पहिल्या टप्प्यात मुख्य प्रश्न असतो तो औषध सोसतं का हा. बरं होतं का, हे पुढच्या टप्प्यांत कळतं. हे सगळं आजच्या तुमच्या घरासाठी औषध नाही. पण तुमचे मिस्टर ४६चे आहेत, गोळी नियमित घेऊन लिव्हर शाबूत ठेवलं तर पुढच्या काही वर्षांत जे काही येईल ते घ्यायला ते धडधाकट असतील. गोळी चालू ठेवण्याचं हे मला पटलेलं दुसरं कारण.

विषाणूवरच्या उपचारात नॅनो आज प्रत्यक्ष वापरात आहे ते एचआयव्हीत. कॅबोटेग्राविर आणि रिल्पिविरिन ही दोन औषधं पाण्यात न विरघळणाऱ्या बारीक स्फटिकांत दळून त्यांचं इंजेक्शन बनवलंय, त्याला जानेवारी २०२१मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. कण स्नायूत राहतात, हळूहळू विरघळतात, आणि रोजच्या गोळीऐवजी महिन्याने किंवा दोन महिन्यांनी सुई पुरते. इथे कण विषाणूला मारत नाही, औषध किती वेगाने सुटायचं ते ठरवतो. टेनोफोविरच्या जातीच्या औषधाला असंच लांबवण्याचे प्रयोग प्राण्यांवर झालेले आहेत. ते यशस्वी होवोत, कारण तुमच्या मिस्टरांचा खरा त्रास रोज गोळी गिळण्याचा आहे हे तुमच्या पत्रातून दिसतं. मात्र एचआयव्हीचं ते इंजेक्शन हिपॅटायटिस बीवर चालत नाही, उगाच कुणी सुचवलं तर फसू नका.

राहिली चांदी. भाऊजींनी हवेतून काढलेलं नाही हेही. २००५मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चांदीचे १ ते १० नॅनोमीटरचे कण एचआयव्हीच्या पृष्ठभागावर चिकटून त्याला पेशीत शिरण्यापासून रोखतात असं दिसलं. परीक्षानळीत. तेव्हापासून चांदीच्या प्रत्येक बाटलीमागे हा किंवा असा एखादा अभ्यास उभा केला जातो. तोंडाने घेतलेल्या चांदीला आधी पोटातल्या आम्लातून जायचं असतं, तिथल्या क्लोराइडशी तिची गाठ पडते, पुढे रक्तातली प्रथिनं तिला गुंडाळतात. लिव्हरच्या पेशीत, तेही केंद्रकात बसलेल्या डीएनएपर्यंत, ती नेमकी जाऊन फक्त विषाणूचं नुकसान करेल याला माणसातला पुरावा नाही. जे नक्की होतं ते असं: दीर्घकाळ घेतलेली चांदी त्वचेत साठते आणि माणूस कायमचा निळसर-राखाडी दिसू लागतो. त्याला आर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग औषधाने जात नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९मध्येच जाहीर केलं की दुकानात विकली जाणारी कोलॉइडल चांदीची उत्पादनं कुठल्याही आजारासाठी सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत. भाजल्यावर लावायच्या एका मलमात चांदी असते, पण ते त्वचेवर लावायचं असतं. नऊ दिवसांच्या थेंबांनी तुमचे मिस्टर निळे होणार नाहीत, निश्चिंत राहा. बाटली बंद करा म्हणजे झालं.

रौप्यभस्माबद्दल मी फार लिहीत नाही. काही भस्मांत नॅनो आकाराचे कण आढळलेत हे खरं आहे. पण आकार मोजणं आणि हिपॅटायटिस बी बरा होणं यांच्यामध्ये मोठं अंतर आहे, आणि ते अंतर आयुर्वेदाच्या अभिमानाने भरून निघत नाही. तुमच्या मिस्टरांना वैद्यांकडे जायचं असेल तर जरूर जावं, गोळी चालू ठेवून आणि लिव्हरच्या डॉक्टरांना सांगून.

'ट्रायलचा रेट' हे शब्द मी दोनदा वाचले. खऱ्या चाचणीत तपासल्या जाणाऱ्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. चाचणीला एथिक्स कमिटीची मान्यता लागते, तुमच्या भाषेतला संमतीपत्राचा कागद मिळतो, काही इजा झाली तर भरपाईची तरतूद असते. आणि २००९पासून भारतात प्रत्येक औषधचाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. ती इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. भाऊजींकडे तो नोंदणी क्रमांक मागा. नॅनोऔषधं कशी तपासायची याची मार्गदर्शक तत्त्वंही भारत सरकारने ऑक्टोबर २०१९मध्ये काढली आहेत, त्यामुळे 'हे इतकं नवीन आहे की नियमच नाहीत' असं कुणी म्हणालं तर तेही खरं नाही. मग बाटली फिरवून लेबल वाचा. तिथे एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाचा, क्रमांक असेल तर कायद्याच्या नजरेत ते खाद्य आहे, औषध नाही. पूरक आहाराच्या लेबलावर ते औषधी वापरासाठी नसल्याचं छापणं बंधनकारक असतं, बारीक अक्षरांत सापडेल. चष्मा लावून, घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

आता ताट. सासूबाईंच्या पिढीला 'पांढरी कावीळ' म्हटलं की धडकी भरते. त्यांनी गावाकडे काविळीने गेलेली माणसं बघितली असतील, त्यांच्यावर चिडू नका. पण अन्नपाण्यातून पसरते ती ए आणि ई ही कावीळ. बी पसरतो तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, जवळ घेतल्याने तो होत नाही. वेगळा ठेवायचा तो दाढीचा रेझर, टूथब्रश आणि नेलकटर, कारण सुकलेल्या रक्तातही हा विषाणू किमान सात दिवस तग धरतो. सलूनमध्ये ब्लेड नवीन हवं. दारू पूर्ण बंद, हे मिस्टरांना डॉक्टरांनी सांगितलंच असेल.

तुम्ही स्वतःची आणि मुलीची तपासणी केलीत का, हे पत्रात कुठेच नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. एचबीएसएजी, अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीएस या रक्ततपासण्या दोघींच्याही करून घ्या. मुलीचं लसीकरणाचं कार्ड शोधा, कदाचित तिला लहानपणी लस मिळालेली असेल. नसेल, आणि तपासणीत लागण दिसली नाही, तर तीन डोस: आज, एका महिन्याने, सहाव्या महिन्याला. तुमची प्रतिकारशक्ती तयार होईपर्यंत शरीरसंबंधात कंडोम वापरा. आणि गंमत बघा, ही लस म्हणजे विषाणूच्या वरच्या आवरणाचं प्रथिन, यीस्टमध्ये बनवलेलं, जे आपोआप जुळून साधारण २२ नॅनोमीटरचे पोकळ कण होतात. आत डीएनए नाही, म्हणून लागण करू शकत नाहीत. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७मध्ये ती भारतात बनवायला सुरुवात केली आणि परदेशी लशीची मक्तेदारी मोडली. घरात नॅनो आणायचंच असेल तर हे आणा.

सासूबाईंचीही तपासणी करून घ्या, मिस्टरांच्या भावंडांचीही. आपल्याकडे पुष्कळांना हा विषाणू जन्मताना किंवा अगदी लहानपणी आलेला असतो आणि चाळिशीपर्यंत पत्ता लागत नाही. हे सांगताना जपा. ताट वेगळं केल्याचा राग काढायला ही माहिती वापरली तर त्या तपासणीला कधीच येणार नाहीत. 'डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचीच सांगितली आहे' एवढं पुरे, आणि ते खरंही आहे, कुठलाही लिव्हरचा डॉक्टर हेच सांगेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी होता. तुमच्या सोसायटीत तुम्हीच एकटे असाल असं समजू नका.

खर्चाचा ताण असेल तर राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८पासून सुरू आहे, त्यात बी आणि सीची तपासणी व औषधं मोफत आहेत. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात कार्यक्रमाचं हे नाव सांगून विचारा. तिथे उपलब्ध नसेल तर जवळचं केंद्र कुठलं तेही तिथेच विचारा. टेनोफोविर आपल्याकडे जेनेरिकमध्ये स्वस्त मिळते, चोवीस हजारांत ती किती वर्षं आली असती याचा हिशोब मिस्टरांना मेडिकलच्या बिलावरून करू द्या. त्यांचा त्यांनी केलेला बरा.

भाऊजींना 'नाही' तुम्ही म्हणू नका. सुनेने सासूच्या भाच्याला नकार दिला की विषय औषधाचा राहत नाही. मिस्टरांनीच म्हणायचं, तेही वाद न घालता: डॉक्टरांनी बाटलीतल्या घटकांची यादी, बॅच नंबर, औषध परवाना क्रमांक आणि ट्रायलचा नोंदणी क्रमांक लेखी मागितलाय, तो आला की पुढचं बघू. तो येणार नाही. भाऊजींना दुष्ट ठरवायची मला घाई नाही. अशा साखळीत विकणाऱ्याने स्वतःचेही पैसे घातलेले असतात आणि वरच्याने सांगितलेलं तो मनापासून खरं मानत असतो. पण 'गोळी बंद करा' हे त्यांनी आणखी कुणाला सांगितलंय का, हे मिस्टरांनी त्यांना सरळ विचारावं, आणि सांगितलं असेल तर त्या माणसालाही आज फोन गेला पाहिजे.

बारा हजारांचं. न उघडलेल्या बाटल्या परत देऊन पैसे मागा, आधी घरातल्या घरात, सासूबाईंना मध्ये घालून. त्यांच्या शब्दाला भाचा मान देईल. नाही जमलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि आजार बरा करण्याच्या खोट्या जाहिरातींसाठी १९५४चा औषधे व जादूटोणा उपचार आक्षेपार्ह जाहिराती कायदा आहे. त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे होते, त्यांचं कार्यालय ठाण्यातही आहे. त्यासाठी यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअॅपवर आलेलं माहितीपत्रक आणि 'गोळी बंद करा' हा मेसेज असेल तर तो, सगळं वेगळं जपून ठेवा. उघडलेली बाटलीही फेकू नका, डॉक्टरांना दाखवून झाली की लेबलासकट कपाटात ठेवून द्या.